नसलेल्या रोगाचा इतिहास



मांडीवरच्या खळ्यांना कसला आला आहे इतिहास, असे आपल्याला वाटेल. परंतु मजुरीचा पैसा घरातून कोणत्या वाटेने बाहेर जातो, हे पाहण्याची मला जुनी खोड आहे. त्याच वाटेवर ‘सेल्युलाइट’ हा शब्द मला भेटला.

शब्द फ्रान्सचा. लित्रे व रोबँ यांच्या वैद्यककोशाच्या १८७३ च्या आवृत्तीत तो आहे. पण तेथे त्याचा अर्थ त्वचेखालचा दाह एवढाच. १९२० नंतर काही फ्रेंच डॉक्टरांनी तो स्त्रियांच्या मांड्यांवरील, संत्र्याच्या सालीसारख्या दिसणाऱ्या कातडीला लावला. १९३३ साली ‘व्होत्र बोते’ हे सौंदर्यविषयक मासिक निघाले. ते काढणारे ओझेन शुएलेर हे लॉरेआल या प्रसाधन-कंपनीचे संस्थापक होते. त्या मासिकाने हा शब्द घरोघरी नेला. १९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ‘व्होग’ने तो उचलला. तोवर ज्या खळ्यांना नाव नव्हते, त्यांना नाव मिळाले आणि नावामागून औषध आले.

१९७८ साली न्यूर्नबर्गर व म्युलर या जर्मन डॉक्टरांनी त्वचेचे छेद तपासले आणि हा कल्पित रोग आहे असे आपल्या निबंधाच्या मथळ्यातच सांगून टाकले. गादीवाला टाका घालतो तेथे खळगा पडतो आणि मधला कापूस वर येतो, तसेच हे आहे. कातडीला आत बांधणारे तंतू स्त्रियांत बहुधा उभे, तर पुरुषांत तिरपे, जाळीदार असतात. म्हणून वयात आलेल्या बहुसंख्य स्त्रियांना, अगदी सडपातळ बाईलाही, या खळ्या असतात. हा रोग नव्हे, घडण आहे.

मग उपायांचे काय? मलमाने आतले टाके सुटत नाहीत. मालिशचा गुण थोडे दिवस टिकतो. व्यायामाने अंग बळकट होते, तो जरूर करावा. पण खळ्या पुसल्या जातीलच असे नाही. सुईने तंतू कापले तर काही खळ्या बऱ्याच काळापुरत्या भरतात. तंतू विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला अमेरिकेत २०२० साली परवानगी मिळाली. परंतु त्याने अंग काळेनिळे पडे व त्वचेवर डाग राहत, म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीनेच ते बंद करण्याचे जाहीर केले.

आता दुसरा एक शब्द ऐका. कापसाच्या धुळीने गिरणी-कामगाराची छाती भरते, त्या व्याधीला १८७७ साली आद्रिआँ प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरनेच ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले. तो खरा रोग, माणसाचा श्वास कोंडणारा. तरी त्याच्या भरपाईचा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला १९४० साल उजाडले. त्यावर विकायला बाटली नव्हती. उलट मालकाला पैसे मोजावे लागणार होते.

भगिनींनो, कोणी तुमच्या अंगात खोट दाखवू लागला, तर त्याच्या हातात बाटली आहे का, एवढे आधी पाहा.