राजा हाच भूमीचा स्वामी काय? : एक युरोपीय सिद्धान्त आणि नंदुरबारचा प्रदेश

मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा हमरस्ता आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीतून जात असे. नवापूर, नंदुरबार, पुढे थाळनेर व चोपडा हे त्यावरील प्रमुख मुक्काम. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने जहांगीराच्या भेटीस गेला. दरबारातून त्याने मायदेशी जी पत्रे धाडली, त्यांत दोन गोष्टी आढळतात. या देशात लिखित कायदा नाही, राजाचा निर्णय हाच कायदा. आणि सरदार मरण पावला की त्याच्या संपत्तीचा वारस राजा होतो. यांपैकी दुसरे निरीक्षण मनसबदारांपुरते पुष्कळ अंशी खरे होते. तथापि दरबाराविषयीचे हे निरीक्षण पुढे साऱ्या देशाविषयीचा सिद्धान्त बनले. युरोपात वाढलेला तो सिद्धान्त दोन शतकांनंतर शासनाचे धोरण होऊन खानदेशात परतला.

या सिद्धान्तास निश्चित आकार दिला तो फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निये याने. बर्निये सुमारे दहा वर्षे हिंदुस्थानात होता व औरंगजेबाच्या दरबारातील दानिशमंदखानाच्या आश्रयास होता. त्याचा ग्रंथ १६७०-७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील, चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर यास उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याने प्रतिपादन केले की, हिंदुस्थानात सर्व भूमीचा एकमेव स्वामी बादशहा आहे. भूमी आपली नसल्यामुळे तिची निगा कोणी राखीत नाही, आणि म्हणून देश उजाड होत चालला आहे. हे पत्र कोणास लिहिले आहे, हे विसरून चालत नाही. राजा हाच राज्यातील सर्व भूमीचा अंतिम धनी आहे असा दावा फ्रान्समधील राजपक्षीय कायदेपंडित त्या काळी करीत होते. बर्नियेचे पत्र वस्तुतः फ्रान्सला दिलेला इशारा होता. हिंदुस्थान हा त्यातील दृष्टान्त होय.

दृष्टान्त म्हणून तरी तो यथार्थ होता काय? बर्नियेचा समकालीन व त्याचाच देशबंधू ताव्हेर्निये हा जवाहिरांचा व्यापारी सुरत-बऱ्हाणपूर रस्त्याचे वर्णन करताना नवापूरविषयी लिहितो की, हे मोठे गाव कोष्ट्यांनी भरलेले आहे, तरी येथील मुख्य व्यापार तांदळाचा आहे. गावाजवळून वाहणाऱ्या नदीच्या पाण्यावर भात पिकतो. तेथील तांदूळ आकाराने लहान, अतिशय शुभ्र व कस्तुरीच्या वासाचा असून सरदार लोकांत त्यास मोठी मागणी आहे. खानदेशातच पांझरा नदीवरील दगडी बंधारे व त्यांवर आधारलेली फड पद्धती पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी सांभाळली. उद्याची शाश्वती नसलेला मनुष्य बंधारा राखीत नाही. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे यांची वंशपरंपरागत वतने, मिरासदारांचा जमिनीवरील हक्क आणि सातपुड्यातील भिल्ल नायकांचे गावोगावचे हक्क यांनी येथील भूमी व्यापलेली होती. राजाचा वाटा या सर्वांत मोठा असला, तरी तो वाटाच होता.

मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात राज्यपद्धतींचे प्रजासत्ताक, राजसत्ता व जुलमी एकसत्ता असे तीन प्रकार कल्पिले. तिसऱ्या प्रकाराची उदाहरणे त्याने मुख्यतः आशियातून घेतली आणि त्यासाठी बर्नियेसारख्या प्रवाशांचा आधार घेतला. मोंतेस्क्यू स्वतः बोर्दो येथील न्यायमंडळाचा सभासद होता. राजा व प्रजा यांच्यामधील सरदार, न्यायमंडळे, नगरसंस्था नष्ट झाल्या तर राजसत्तेची जुलमी सत्ता होईल ही त्याची चिंता. त्याचीही दृष्टी पॅरिसवरच होती.

या मतास पहिला सविस्तर विरोध आंकेतील द्युपेराँ याने केला. झरथुष्ट्री धर्मग्रंथांच्या शोधार्थ आलेला हा तरुण १७५८ मध्ये मराठ्यांच्या मुलखातून प्रवास करीत सुरतेस पोहोचला व १७६१ पर्यंत तेथे राहिला. १७७८ मध्ये त्याने पौर्वात्य कायदेव्यवस्थेवर ग्रंथ लिहून तुर्कस्तान, इराण व हिंदुस्थान या तिन्ही देशांत लिखित कायदा आणि खाजगी मालमत्ता आहे, असे साधार दाखविले. भूमीवर तेथील लोकांचा हक्क नाही असे एकदा ठरले की ती हिरावून घेणे जेत्यास सोपे जाते, हा धोकाही त्याने ओळखला होता. परंतु त्याचा ग्रंथ मागे पडला आणि मोंतेस्क्यूचा ग्रंथ सर्व युरोपभर वाचला गेला.

१८१८ मध्ये पेशवाईबरोबर खानदेश कंपनीच्या अमलाखाली आला. त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स मिलचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला होता. १८१९ पासून मिल लंडनमध्ये कंपनीच्या नोकरीत होता. त्याने जुन्या सिद्धान्तास रिकार्डोच्या खंडविषयक उपपत्तीची जोड दिली. मजुरी व भांडवलावरील नफा वजा जाता जे उरते तो खंड. तो घेतल्याने उत्पादनास बाध येत नाही. आणि हिंदुस्थानात भूमीचा धनी राजाच असल्यामुळे हा सर्व खंड न्यायतः सरकारचा! कंपनीच्या हेलीबरी येथील विद्यालयात माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागात निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के आकार बसविला. हिशेब चुकले, वसुली थकली, शेतकरी जमिनी सोडून गेले. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरापासून नव्याने आरंभ करावा लागला.

या विचारास खानदेशाच्या अनुभवातून उत्तर मिळाले, ही लक्षणीय गोष्ट होय. १८१८ नंतर खानदेशाचा पहिला ब्रिटिश अधिकारी म्हणून आलेल्या जॉन ब्रिग्ज याने भिल्लांशी तडजोडी करताना त्यांच्या नायकांचे पूर्वापार हक्क मान्य केले होते. काठी, सिंगपूर, चिखली आदी मेवासी संस्थानेही पुढे टिकून राहिली. १८३० मध्ये ब्रिग्जने हिंदुस्थानातील जमीनमहसुलावर ग्रंथ लिहिला. राजास पिकाचा ठरावीक वाटा घेण्याचा अधिकार होता, भूमीचे स्वामित्व त्याचे नव्हते, असे त्यात त्याने प्रतिपादन केले. मिलचा युक्तिवाद ज्या पायावर उभा होता, तो पायाच ब्रिग्जने नाकारला.

धोरण मात्र मध्यम मार्गाने गेले. विंगेट-गोल्डस्मिड पद्धतीने खंडाचे सूक्ष्म गणित सोडून दिले, जमिनीची प्रतवारी करून तीस वर्षांसाठी आकार ठरविला. पण धनी कोण या प्रश्नास हात घातला नाही. १८५२ च्या डिसेंबरात ही पाहणी खानदेशात येताच सावदा, फैजपूर, एरंडोल भागांतील शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला व तो लष्कराच्या साहाय्याने मोडण्यात आला. पुढील वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये कार्ल मार्क्स बर्नियेचा ग्रंथ वाचून एंगल्सला कळवीत होता की, जमिनीवर खाजगी मालकी नसणे हीच पौर्वात्य जगाची खरी किल्ली होय. खानदेशातील शेतकरी जमिनीसाठी जमाव करून उभे राहिल्यास तेव्हा पुरते सहा महिने झाले होते.

सिद्धान्ताचा सर्वांत दूरगामी परिणाम सपाटीवर झाला नाही, तो सातपुड्यात झाला. १८७८ च्या वन अधिनियमापूर्वीच्या वादात बेडन-पॉवेल याने असे मांडले की, पूर्वीचे राजे पडीक भूमीचे पूर्ण स्वामी होते. तो अधिकार ब्रिटिश सरकारकडे आला आहे. सबब रानातील लोकांचा वापर हा हक्क नसून केवळ सवलत आहे. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल अधिनियमानेही व्यक्तीच्या मालकीची नसलेली सर्व भूमी सरकारची ठरविली. नायकांचे हक्क ज्या सरकारने एकदा मान्य केले होते, त्याच सरकारच्या कायद्याने अक्राणीच्या डोंगरातील भिल्ल व पावरा शेतकरी आपल्याच रानात अतिक्रमक ठरला.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २००६ च्या वन हक्क अधिनियमाने वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या प्रस्तावनेत मान्य केले. मात्र त्या अन्यायाची सुरुवात केवळ वनखात्याच्या स्थापनेपासून धरणे अपुरे आहे. फ्रान्सच्या राजास सावध करण्यासाठी रचलेला एक दृष्टान्त इंग्रज प्रशासकांनी वस्तुस्थिती म्हणून स्वीकारला, त्याचे हे फलित होय. सात-बाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याचे नाव आजही 'भोगवटादार' म्हणून लागते, 'मालक' म्हणून नव्हे. बर्नियेने कोल्बेरला लिहिलेल्या पत्राची छाया महसुली भाषेवरून अद्याप पुरती सरलेली नाही.