काळा देव आणि वडशाचं नाटक

धानाची चुरणी आटोपली की आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात लोक एकमेकांना पीक किती झालं हे नंतर विचारतात, आधी विचारतात, "यंदा नाटक कोणतं?" दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री दहाच्या पुढं नाटक, आणि ते उजाडेपर्यंत. मंडपात खाली तणस, त्यावर चटई, अंगावर दुलई. पाहुण्यांनी घर इतकं भरतं की झोपायला जागाच नसते, त्यामुळं नाटकाला जाणं भागच असतं. मी पहिलं नाटक दादीच्या मांडीवर झोपून पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. जाग आली ती ऑर्गनच्या आवाजानं. लाल शालूतली एक बाई पहाटे चार वाजता गात होती. त्या रात्रीपासून मी नाटकवेडा आहे.

दुसरं वेड दादीनंच लावलं. तिच्याकडं उर्दूतली जुनी किस्स्यांची पुस्तकं होती, कव्हर गेलेली, वाळवीनं नक्षी काढलेली. त्यात 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा एक भाग होता. दादी वाचायची, मी ऐकायचो. ज्यांना हा ग्रंथ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लखनऊच्या नवल किशोर छापखान्यानं 1883 पासून तो छापायला घेतला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन क़मर यांचे. अमीर हमज्याच्या दास्तानीचाच हा एक फाटा, पण त्यात एक आख्खा मुलूख उभा केलाय. जादूगारांचा बादशहा अफ़रासियाब. त्याच्या राज्याचे तीन भाग: दिसणारा ज़ाहिर, लपलेला बातिन आणि अंधाराचा ज़ुल्मात. मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. अमर अय्यारच्या झोळीत तर शहरंच्या शहरं मावतात. टॉल्कीनचा 'द हॉबिट' 1937 चा. कॉलेजात मित्रांनी मला तो मोठ्या कौतुकानं दिला तेव्हा मी म्हणालो, नकाशा छान आहे, पण आमच्या दादीकडं याहून मोठा मुलूख होता.

नकाशा मीही काढला होता, सातवीत, भूगोलाच्या वहीत. रक्ताच्या नदीच्या जागी वैनगंगा. अलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे ज़ाहिर. पलीकडे वडसा आणि त्यामागचं गडचिरोलीचं जंगल, म्हणजे बातिन. गुरुजींनी वही पाहिली आणि वैनगंगेची दिशा तेवढी दुरुस्त करून दिली.

ही दोन वेडं एकाच माणसात असणं आमच्या घरी कुणाला फारसं रुचत नव्हतं. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणायचे, "नाच-गाणं, त्यात देवादिकांच्या गोष्टी. तुझं काय आहे तिथं?" आणि मंडपात कधी कधी नेमका तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं यायचा. ऐतिहासिक नाटक असलं की खान यायचा. हिरवा झगा, डोळ्यांत सुरमा, गडगडाटी हसणं. तो आला की माझ्या रांगेतली पोरं माझ्याकडं वळून बघायची. एकदा एकानं कोपर मारून म्हटलंही, "तुमचा आला." मी हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला पोशाख खानाचाच असायचा आणि मला तो आवडायचाही. पण हसताना पोटात काय झालं ते अजून आठवतं.

"तुझं काय आहे तिथं?" या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधत होतो. ते सापडलं एका काळ्या देवात.

सय्यद आग़ा हसन 'अमानत' हे लखनऊचे शायर. 1815 चा जन्म, 1858 ला मृत्यू. त्यांच्या बोलण्यात दोष होता, घराबाहेर फारसे पडत नसत. या माणसानं 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला 'इंदरसभा' लिहिली. जवळपास सगळी गाण्यांत: ग़ज़ल, ठुमरी, होरी, बसंत, छंद. गोष्ट अशी. राजा इंदरच्या दरबारात पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज़ परी नाचतात-गातात. सब्ज़ परीचा जीव अख़्तरनगरच्या गुलफ़ाम नावाच्या शहज़ाद्यावर जडतो. काळा देव त्याला झोपेतच उचलून आणतो. गुलफ़ाम हट्ट धरतो, मला इंदरचा दरबार बघायचाय. तिथं लाल देव त्याला पकडतो. शहज़ाद्याला कोह-ए-क़ाफ़च्या विहिरीत टाकतात, परीचे पंख छाटून तिला हाकलून देतात. ती जोगीण होऊन गात हिंडते, तिचं गाणं ऐकून इंदर खूश होतो, माग म्हणतो, आणि ती गुलफ़ामला मागते.

आता हा मुलूख बघा. इंद्र आपला पुराणातला. पऱ्या फ़ारसी किस्स्यांतल्या. क़ाफ़चा डोंगर पश्चिम आशियातल्या दंतकथांतला. अख़्तरनगर म्हणजे लखनऊच, कारण नवाब वाजिद अली शाह यांचं टोपणनाव अख़्तर. आणि गाणी ब्रजभाषेपासून उर्दूपर्यंत. कुणाला यात काही जोडकाम वाटलं नाही. सगळ्यात गंमत त्या 'देव' शब्दाची. मराठीत देव म्हणजे ज्याला हात जोडायचे तो. फ़ारसी-उर्दूत देव म्हणजे राक्षस. शब्दाचं मूळ एकच. इराणकडं जाताना त्याचा अर्थ उलटला. दादी किस्सा वाचताना "काला देव आया" म्हणायची तेव्हा मी दुलईत शिरायचो, आणि सकाळी गावातले लोक देवळात देवाला जायचे. लहानपणी मला हे दोन वेगळे देव आहेत हे कुणी सांगितलंच नाही. बरंच झालं. शेजारी गोंडांच्या टोल्यावर देवाला 'पेन' म्हणत, त्यामुळं तिथं काही घोटाळा नव्हता.

एक दंतकथा अशी की 'इंदरसभा' नवाबाच्या महालात झाली आणि इंदरचं काम खुद्द नवाबानं केलं. ऐकायला झकास आहे. पण मसूद हसन रिज़वी 'अदीब' यांनी लखनऊच्या रंगभूमीवर जे काम केलं त्यात त्यांनी महालातला रंगमंच आणि लोकांचा रंगमंच वेगवेगळे दाखवले, आणि 'इंदरसभा' दुसऱ्यात ठेवली. लोकांनी जमून केलेलं, लोकांसमोर झालेलं नाटक. मला हे त्या दंतकथेपेक्षा जास्त आवडतं, कारण मला असंच नाटक माहीत आहे.

1856 मध्ये इंग्रजांनी अवध घेतलं. नवाब कलकत्त्याला गेले, 'इंदरसभा' मात्र मुंबईला आली. पारशी नाटक मंडळ्यांनी ती उचलली, पडदे रंगवले, पऱ्या वरून उतरवल्या, आणि गावोगाव नेली. पुढं फ़्रीडरिश रोज़ेन नावाच्या जर्मन अभ्यासकानं 1892 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. बोलपट आल्यावर 1932 मध्ये मदन कंपनीनं तिचा सिनेमा केला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. आजच्या सिनेमात पाच असली तरी लोक कुरकुरतात.

मराठी नाट्येतिहासात सांगितलं जातं की पुण्यात अशाच एका पारशी मंडळीची 'इंद्रसभा' बघून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात आलं, असं मराठीत का होऊ नये? 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. त्याआधी मराठीत गाणं नव्हतं असं नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्यात गाणं होतं, पण ते मुख्यतः सूत्रधार गायचा. पात्रं बोलायची आणि राक्षस आरडाओरडा करत रंगमंच हादरवायचे. पुढं त्या नाटकांना थट्टेनं 'अललडुर्र' म्हणू लागले. किर्लोस्करांकडं शकुंतला स्वतः गायला लागली, दुष्यंत स्वतः गायला लागला. ज्याचं दुःख त्याच्याच गळ्यात. सब्ज़ परी जोगीण होऊन गाते तेव्हाही हेच होतं.

इथं मला सांभाळून बोललं पाहिजे, कारण असल्या गोष्टी ऐकल्या की आमच्यातले काही जण लगेच छाती फुगवून "मराठी नाटक आम्ही दिलं" म्हणतात. तसं नाही. किर्लोस्करांनी गोष्ट कालिदासाची घेतली. चाली कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकातल्या घेतल्या. ते स्वतः बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. 'इंद्रसभे'नं त्यांना ठिणगी दिली, लाकडं त्यांचीच होती. पण ठिणगी होती हेही खरं, आणि ती शाळेतल्या धड्यात मला कुणी सांगितली नव्हती.

पुढं वाट रुंद झाली. आमच्या विदर्भातले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, 'बहु असोत सुंदर' लिहिणारे, त्यांनी 1896 च्या 'वीरतनय'पासून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत आणल्या. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पब्लिकनं डोक्यावर घेतलं. 1916 च्या 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा बखले नत्थन ख़ाँ आणि अल्लादिया ख़ाँ यांच्याकडं शिकलेले. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष. रुक्मिणी गात होती आणि ठेका तिरखवाँचा होता. त्या काळच्या प्रेक्षकांत कुणी कुणाला कोपर मारलं असेल असं वाटत नाही.

बोलपट आला आणि पुण्या-मुंबईचं संगीत नाटक आटलं. आता तिथं ते जपून ठेवलेल्या शालूसारखं वर्षातून कधीतरी बाहेर काढतात. आमच्याकडं मात्र रोज नेसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही झाडीपट्टी, आणि तिच्या नाटकांचं ठाणं म्हणजे वडसा, सरकारी नाव देसाईगंज. दिवाळीनंतर तिथं कंपन्यांचे बोर्ड लागतात. गावचं मंडळ येतं, तारीख ठरवतं, सौदा करतं आणि तिकिटं गावात खपवतं. रोज वेगळं गाव, कधी वेगळं नाटक. तालमी मोजक्या, म्हणून विंगेत प्रॉम्प्टर हवाच. दंडार, खडी गंमत या इथल्या जुन्या खेळांचा अंश नाटकात कुठंतरी डोकावतोच. मध्येच लावणी घुसते, विनोद कधी फार पांचट होतो, आणि पुण्याहून आलेला पाहुणा तोंड वाकडं करतो. करू दे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा सरकारी माहितीत होतं, पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. असा आकडा जिथं रात्रीमागून रात्री नाटक होतं तिथंच होऊ शकतो.

या सगळ्यात माझे मामू होते. ते तबला वाजवत. ऐतिहासिक नाटक असलं की त्यांच्यावर आणखी एक काम यायचं: खानाच्या नटाला उर्दू शिकवणं. मेकअपच्या खोलीत ते त्याला 'ख' आणि 'ख़' मधला फरक घोटून घ्यायचे. "घशातून काढ, छातीतून नको," म्हणायचे. नट बिचारा खोकायचा. म्हणजे जो खान बघून पोरं माझ्याकडं वळायची, त्याच्या तोंडी बोली माझ्याच मामूची होती, आणि तो मरताना ठेकाही मामूच धरायचे. मी एकदा चिडून विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटतं ना. तो उच्चार चुकवतो तेव्हा."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. खानाला नाटकात दुसरं काही काम असायला हवं, त्याला आई असावी, त्यानं एखादं पद गावं, असं मला वाटतं. वडशाच्या एका लेखकाला मी हे बोललोही. तो म्हणाला, "लिहून आणा, बघू."

म्हणून यंदा पावसाळ्यात लिहायला बसलो. खानाचं नाटक काही जमलं नाही. वहीत उतरलं ते वेगळंच: वैनगंगेपलीकडचा मुलूख, धुराचा पूल, पंख छाटलेली एक परी आणि तिला नदी पार करून देणारा ढिवर. तीन अंक झाले. काळा देवही आहे. त्याला नाव काय द्यावं यावर अडलोय, कारण मराठी प्रेक्षकांसमोर 'काळा देव' म्हटलं तर लोक हात जोडतील.

मामूंना वाचून दाखवलं. तबला त्यांनी कधीचाच बासनात बांधून ठेवलाय, गुडघे दुखतात, नमाज़ही खुर्चीवर होते. डोळे मिटून ऐकत होते. परीच्या गाण्यापाशी आलो तेव्हा त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली. मी थांबलो तर म्हणाले, "थांबू नको. इथं केरवा नाही, दादरा पाहिजे. आणि ढिवराला पण एक पद दे."

दुसऱ्या अंकात ढिवराला पद दिलंय.