तंजावरचीं निनांवी माणसें

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळांत भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरलेला आहे. सरफोजीराजांनीं तो १८०३ मध्यें कोरविला. राजवंशाची स्मृति अशी दगडावर सुरक्षित राहिली. परंतु ज्यांच्या श्रमावर तें राज्य उभें होतें, त्यांची स्मृति कोठें शोधावी? ती आम्हांस त्याहून नाजूक वस्तूवर, म्हणजे कागदावर, सांपडते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावरचे चितारी कंपनीच्या अंमलदारांसाठीं जलरंगांत एका विशिष्ट प्रकारचीं चित्रें काढूं लागले. कागदावर एकेका धंद्याचें जोडपें असे: नवरा-बायको शेजारीं उभीं, हातांत आपापल्या धंद्याचीं साधनें. कुंभार, विणकर, न्हावी, चांभार, ताडी काढणारा, असे कित्येक कष्टकरी त्यांत आले. या चित्रांचे संच साहेबलोक विलायतेस नेत. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत असे संच आज जपलेले आहेत.

या चित्रांतील उणीव उघड आहे. गिऱ्हाइकास माणूस नको होता, जातीचा नमुना हवा होता. म्हणून चित्रावर कांहीं लिहिलें तर तें जातीचें वा धंद्याचें नांव, माणसाचें नव्हे. कष्टाचा शीणही तेथें दिसत नाहीं. जोडपें सणास निघाल्याप्रमाणें नीटनेटकें उभें असतें. १७८१ मध्यें हैदर अलीच्या स्वारीनें हा मुलूख उजाड केला. त्या आपत्तीची एकही खूण या चेहऱ्यांवर नाहीं.

असें असूनही हीं चित्रें टाकाऊ ठरत नाहींत. चेहरा ठराविक असला, तरी हातांतील साधन ठराविक नाहीं. तें ज्याच्या-त्याच्या धंद्याचें आहे. शिवाय पुरुषाच्या बरोबरीनें बायकोही साधन घेऊन उभी आहे. घर दोघांच्या कष्टावर चाले, ही गोष्ट बखरकारानें क्वचितच सांगितली असेल. चिताऱ्यानें ती सहज सांगितली. तो स्वतःही हातावर पोट असलेलाच होता, आणि त्याचेंही नांव बहुधा कागदावर नाहीं.

दुसरे भोसले नागपुरास होते. १७५१ मध्यें चांद्याचें गोंड राज्य त्यांच्या ताब्यांत गेलें, हें सन आम्ही मुलांकडून पाठ करवितों. पण त्याच चांद्याच्या रानांतील टसर विणणारा आमच्या इतिहासांत कोठें आहे? तंजावरचा विणकर निदान निनांवी तरी उभा आहे. दगडावरील वंशावळीशेजारीं त्याचाही कागद वाचावा. त्यावांचून त्या राज्याचा इतिहास पुरा होत नाहीं.