सशावर धरलेला नेम

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. आपल्या माळरानावर, ज्वारीच्या रानात दिसणारा ससा बीळ खणत नाही. तो गवतात बसकण करून उघड्यावर राहतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. युरोपातला ससा जमिनीखाली बिळांची वस्ती करतो. त्याची पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात, पण त्यांची संख्या झपाट्याने वाढते. आपल्या रानसशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्या दुसऱ्या सशाला मारणं मात्र ऑस्ट्रेलियात शेतीच्या कामाचाच भाग समजलं जातं.

हा लेख त्या दुसऱ्या सशाविषयी आहे. त्याच्यासाठी वापरली जाणारी छोटी रायफल, तिच्यावरची दुर्बीण आणि ती जुळवण्याची रीत यांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. बंदुकीला काय जमतं आणि काय जमत नाही, याचा हिशेब त्या इतिहासात सापडतो.

चोराचा ससा, साहेबाचा ससा

गोष्ट इंग्लंडपासून सुरू होते. तिथे शिकार हा जमीनदारांचा मान होता. गरिबाने रात्री दुसऱ्याच्या रानात ससा धरला, तर तो चोर ठरे. १८२८च्या रात्रीच्या चोरट्या शिकारीविरोधी कायद्यात सशाचा स्पष्ट उल्लेख आहे. तिसऱ्यांदा पकडलेल्या माणसाला सात वर्षं समुद्रापार धाडण्याची शिक्षा त्यात होती. त्या काळात समुद्रापार म्हणजे बहुतेक वेळा ऑस्ट्रेलिया.

ज्या प्राण्यापायी माणसं तिकडे धाडली जात होती, तोच प्राणी पुढे मुद्दाम जहाजात घालून तिकडे नेला गेला. तसे १७८८च्या पहिल्या ताफ्यासोबतही काही पाळीव ससे गेले होते. पण ते फार पसरले नाहीत. खरं संकट आलं ते १८५९च्या नाताळात. व्हिक्टोरिया वसाहतीतल्या विंचेल्सीजवळ बारवन पार्क ही थॉमस ऑस्टिन या जमीनदाराची इस्टेट होती. त्याच्या भावाने इंग्लंडमधून पाठवलेले २४ ससे ‘लाइटनिंग’ या जहाजाने मेलबर्नला पोहोचले. त्यांत रानटी सशांचं रक्त होतं. हेतू साधा होता. परक्या देशात घरच्यासारखी शिकार करता यावी, एवढाच.

सुरुवातीला सगळेच खूश होते. १८६६ मध्ये बारवन पार्कवर १४,२५३ ससे मारल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड तिथे शिकारीला येऊन गेला. पण १४ हजार मारूनही ससे संपत नाहीत याचा अर्थ काय, हे तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. ससे वर्षाला सुमारे १०० किलोमीटर या वेगाने पसरत गेले. सबंध खंडावर पसरलेल्या सशांचं मूळ प्रामुख्याने याच एका जहाजात आहे, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिलं.

कुंपण आणि उंटवाले

पिकं गेली, मेंढ्यांचा चारा गेला, गवताची मुळं उकरली गेल्याने माती उडू लागली. १८८७ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने सशांवर खात्रीचा इलाज सांगणाऱ्याला २५ हजार पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. लुई पाश्चर यांनीही आपल्या पत्नीचा भाचा प्रयोगासाठी पाठवला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मग पश्चिम ऑस्ट्रेलियाने कुंपण घालायचं ठरवलं. १९०१ ते १९०७ या काळात तीन कुंपणं उभी राहिली. एकूण लांबी ३,२५६ किलोमीटर. त्यातलं पहिलं कुंपणच १,८३३ किलोमीटरचं होतं. काम पूर्ण होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते.

या कुंपणाची देखरेख करणारे लोक ओसाड भागात उंट वापरत. ऑस्ट्रेलियात उंट आणि ते हाकणारी माणसं आली ती आपल्या बाजूने. १८६५ संपून १८६६ उजाडत असताना कराचीहून निघालेलं एक जहाज पोर्ट ऑगस्टाला लागलं. त्यात शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर, अफगाणिस्तान अशा ठिकाणांहून असे कितीतरी लोक गेले. बहुतेक सगळे मुसलमान. तिकडे मात्र सरसकट ‘अफगाण’ हेच नाव पडलं. तारखात्याचे खांब, खाणींचं सामान, मेंढपाळांचं धान्य त्यांच्या उंटांवरून गेलं. १८८०च्या दशकाअखेरीस अॅडलेडमध्ये त्यांच्या समाजाने बांधलेली मशीद आजही उभी आहे.

ज्या १९०१ साली सशांसाठी कुंपणाचं काम सुरू झालं, त्याच साली ऑस्ट्रेलियाने स्थलांतर निर्बंध कायदा केला. गोरा नसलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन द्यायचं आणि नापास करून परत पाठवायचं, अशी ती सोय होती. उपद्रवी ससा साहेबाने शौकाने आणला होता. उंटवाल्याने देशाचा अंतर्भाग जोडला होता. दार मात्र उंटवाल्यासाठी बंद झालं. ससा कुंपणाखालून निघून गेला.

गरिबाची रायफल

आता रायफलीकडे वळू. इंग्लंडमध्ये सशांसाठी खास छोट्या नळीच्या महागड्या रायफली बनत. त्यांची सद्दी मोडली ती अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणलेल्या एका काडतुसाने. ते पॉइंट टू-टू लाँग रायफल. गोळीचं वजन अवघं अडीच ग्रॅमच्या आसपास, आवाज कमी, धक्का नाहीच, किंमत किरकोळ. एनसीसीत गेलेल्या आपल्यातल्या अनेकांनी याच जातीच्या रायफलीने पहिल्यांदा नेम धरला असेल.

ऑस्ट्रेलियात या रायफलीला ‘पी रायफल’ म्हणत, म्हणजे वाटाण्याएवढ्या गोळीची. शेतकऱ्याच्या घरात ती कुदळ-फावड्यासारखी असे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लिथगोच्या सरकारी शस्त्र कारखान्यानेही सैनिकी रायफलींसोबत एकेरी काडतुसाच्या स्वस्त पॉइंट टू-टू रायफली बनवायला घेतल्या.

१९३०च्या मंदीत याच सशाने गरिबांची चूल पेटती ठेवली. त्याला ‘जमिनीखालचं मटण’ म्हणत. सिडनीत दारोदार ससे विकणाऱ्याला ‘रॅबिटो’ म्हणत. १९०८ साली स्थापन झालेल्या साउथ सिडनी रग्बी क्लबला आजही याच नावाने हाक मारतात. कातड्यांपासून टोप्यांचं फेल्ट बनायचं. अर्थात, या धंद्यासाठीचे बहुतेक ससे गोळीने मरत नसत. ते पाय धरून ठेवणाऱ्या लोखंडी सापळ्यात सापडत आणि रात्रभर तडफडत.

बंदूक, सापळा, विष, कुंपण यांतलं काहीही पुरलं नाही. १९५० मध्ये सशांमध्ये मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडला गेला. डासांनी तो पसरवला. अंदाजे ६० कोटींवरची संख्या दोनेक वर्षांत १० कोटींवर आली. नंतर सशांमध्ये प्रतिकारशक्ती वाढली, पुन्हा संख्या वाढली. १९९५ मध्ये दुसरा विषाणू वॉर्डांग बेटावरच्या चाचणीतून निसटून मुख्य भूमीवर पोहोचला. आकड्यांची लढाई विषाणूंनी लढली. रायफलीच्या वाट्याला उरला तो एकटा ससा, बांधाशी, संध्याकाळच्या उजेडात.

दुर्बीण जुळवताना

एकाच सशावर नेम धरायचा तर तो अचूक हवा. इथे दुर्बीण येते. रायफलीवरची दुर्बीण एकोणिसाव्या शतकापासून होती, पण ती लांबलचक आणि महाग होती. अमेरिकेत विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये बैठकीसह १९ डॉलरला मिळणारी दुर्बीण बाजारात आणली आणि सामान्य शिकाऱ्यालाही ती परवडू लागली.

दुर्बीण बसवली म्हणजे नेम लागतो, असं नाही. ती रायफलीशी जुळवावी लागते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून सुरुवात होते. बहुतेक पॉइंट टू-टू रायफलींच्या पाठीवर ११ मिलिमीटरची खाच असते, तिच्यात दुर्बिणीच्या कड्या बसतात. दस्ता खांद्याला लावून, गाल नेहमीसारखा टेकवून, पूर्ण चित्र दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे सरकवायची. आतली फुली सरळ उभी आहे ना ते पाहायचं. मग स्क्रू आळीपाळीने, सारखे आवळायचे. फुली तिरकी राहिली तर लांबच्या अंतरावर गोळी बाजूला जाते.

पुढचं काम कागदी निशाणावर, मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या जागी. रायफल पिशवीवर टेकवून आधी २५ मीटरवरून तीन गोळ्या. त्यांचा घोळका कुठे पडला ते पाहून दुर्बिणीची चकती फिरवायची. चकतीचा एक टिचका बहुधा पाव मिनिटाचा असतो. इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर एका टिचक्याने गोळी सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकते, २५ मीटरवर त्याच्या निम्मी. म्हणजे ५० मीटरवर घोळका साडेतीन सेंटिमीटर खाली असेल, तर दहा टिचके वर. एका गोळीवरून निर्णय घ्यायचा नाही, घोळक्यावरूनच घ्यायचा. काडतुसाचा ब्रँड बदलला की सगळं पुन्हा तपासायचं. प्रत्येक नळीला एखादं काडतूस विशेष मानवतं.

आता ५० मीटरवर जुळवलेल्या रायफलीचा हिशेब पाहू. दुर्बीण नळीच्या साधारण चार सेंटिमीटर वर असते. त्यामुळे आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी २५ मीटरवर नेमापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर वर लागते. ५० वर बरोबर. ६० वर दोन-अडीच सेंटिमीटर खाली, ७५ वर आठ सेंटिमीटरच्या आसपास खाली आणि १०० मीटरवर वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली. सशाचा जीव एका क्षणात जावा अशी डोक्यातली जागा जेमतेम पाच सेंटिमीटरची. म्हणजे फुली थेट डोक्यावर ठेवून ६० मीटरपर्यंतच गोळी चालवावी. पलीकडे ससा दिसत असला, दुर्बिणीत अगदी जवळ वाटत असला, तरी चाप ओढायचा नाही.

दुर्बिणीचा खरा धोका इथे आहे. ती लांबचं जवळ दाखवते, पण गोळीचा मार्ग बदलत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, नजर पोहोचली म्हणजे हातही पोहोचला. चुकलेली गोळी सशाचा जबडा फोडते किंवा मागचा पाय. तो बिळात शिरतो आणि दोन दिवसांनी मरतो. शिवाय ही हलकी गोळी दगडावरून किंवा पाण्यावरून उसळू शकते आणि दीड किलोमीटरवरही घात करू शकते. म्हणून फुलीच्या मागे काय आहे, हे सशाआधी पाहायचं असतं.

रायफलीला विचारलेला प्रश्न

२८ एप्रिल १९९६ रोजी तास्मानियातल्या पोर्ट आर्थरमध्ये एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसं मारली. काही दिवसांतच ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या राज्यांनी मिळून नवे नियम मान्य केले. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. ज्या रायफलींत पुढचं काडतूस आपोआप चढतं, त्या पॉइंट टू-टू असल्या तरी सामान्य माणसाच्या हातून गेल्या. हाताने खटका ओढून एकेक काडतूस चढवायची रायफल राहिली, तीही परवान्यावर. परवाना मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागतं. शेतातले ससे हे उत्तर चालतं. स्वसंरक्षण हे उत्तर चालत नाही.

मला या सगळ्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. १८५९ मध्ये तो कुणी विचारला असता, तर उत्तर ‘करमणुकीसाठी’ असं आलं असतं आणि कदाचित २४ ससे इंग्लंडमध्येच राहिले असते. करमणुकीचं ते बिल आज दीडशे वर्षांनंतरही शेतकरी भरतोय. त्याच्या हातातली नीट जुळवलेली रायफल त्याला वाफ्यातला एक ससा वेदनेशिवाय मारू देते. खंडभर पसरलेले ससे ती परत पाठवू शकत नाही.

आपल्याकडेही रानडुकरांनी, रोह्यांनी पीक उद्ध्वस्त केलं की बंदुकीची मागणी होते. २०१६ मध्ये बिहारात नीलगायींसाठी बाहेरून नेमबाज बोलावले गेले होते. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याची चेष्टा करता येणार नाही. पण बंदूक हाती देताना तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा आहे, हे आधी ठरवावं लागेल. एका जनावरापुरता नेम धरता येतो. बिघडलेल्या समतोलावर नेम धरता येत नाही. त्यासाठी चाऱ्याचा, जंगलाचा, कुंपणाचा आणि पिकाच्या भरपाईचा विचार करावा लागतो.