धीर कसा मोजायचा?

माझा भाचा चितेगावात कॉम्प्युटरवर मराठ्यांच्या बाजूने लढाया खेळतो. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा २००९ सालचा खेळ. त्यात प्रत्येक तुकडीच्या धीराचा हिशेब चालतो. तुकडी दमली, बगलेवर मारा झाला, शेजारचे पळाले की धीर घटतो. सेनापती पडला तर फारच. धीर संपला की पांढरं निशाण दाखवत तुकडी पळते.

हिशेब खोटा नाही, मंडळी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हेच घडलं. फौज आधीच उपाशी. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसून गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसली आणि लोकांचा धीर सुटला. भाऊ जिवंत होते, पण दिसत नव्हते!

मला अडवतो तो इब्राहिमखान गारदी. बुसीच्या तालमीतला, पूर्वी निजामाच्या, म्हणजे आमच्याच मुलखाच्या चाकरीत असलेला. डाव्या बगलेवर त्याच्या पलटणींनी रोहिल्यांना मागे रेटलं आणि त्यात बहुतेक गारदी कापले गेले. खेळ म्हणेल, कवायती फौज, म्हणून गुण जास्त. कबूल. पगारी चाकर, हेही कबूल. पण समोर अब्दाली होता, स्वधर्मीय. माझं नाव ऐकून ‘पानिपतात तुम्ही कुणाकडून?’ असं हसत विचारणारे मला आजही भेटतात. त्यांना मी इब्राहिमखानाचं नाव सांगतो. तो फुटला नाही. जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला.