ट्रॉम्बेचा किरण, कलिन्याचा विद्यार्थी

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून जगातला पहिला लेसरकिरण काढला. १९६२ मध्ये अमेरिकेतच अर्धवाहकाचा लेसर तयार झाला. आणि १९६४ मध्ये ट्रॉम्बे येथे, जुन्या मराठी कागदांतल्या तुर्भ्याला, गॅलियम आर्सेनाइडचा भारतातला पहिला लेसर लागला. तेव्हा त्या संस्थेला भाभांचे नाव मिळायचे होते. ते १९६७ मध्ये मिळाले. थोड्याच काळात या लेसरच्या साहाय्याने ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात उघड्या हवेतून संदेशवहनही करून दाखवण्यात आले. शहराच्या दोन टोकांना प्रकाशाने जोडणारा हा प्रयोग आज फारसा कुणाला आठवत नाही.

१९६४ हेच साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर जन्मला. तो बनवणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल हे १९३८ मध्ये बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेले. पोलादाचे पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत हा लेसर पुढे सर्वत्र पोहोचला. म्हणजे लेसर चार वर्षांचा असताना महाराष्ट्राचा त्याच्याशी दोन ठिकाणी संबंध आला होता: एकदा ट्रॉम्बेला, एकदा न्यू जर्सीला. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोन्ही ठिकाणे विद्यापीठे नव्हती.

हा योगायोग नव्हे, निदान ट्रॉम्बेपुरता तरी नव्हे. त्यामागे एक जुना वाद आहे. प्लाझ्माच्या अभ्यासात ज्या समीकरणाला पायाभूत स्थान आहे ते मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडले. तापमान वाढत गेले की वायूतले किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतात, हे ते समीकरण सांगते. अशा इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव आयर्विंग लँगम्यूर यांनी पुढे १९२८ मध्ये दिले. साहांनी हे काम केले तेव्हा ते कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते, आणि मोठे संशोधन विद्यापीठांतच झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत टिकला. होमी भाभांचा मार्ग वेगळा होता. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून स्वतंत्र संस्थेची मागणी केली. १९४५ मध्ये टाटा संस्था उभी राहिली, आणि अणुऊर्जेचे कामही विद्यापीठांच्या कुंपणाबाहेरच वाढले.

भाभांच्या बाजूने बोलणारा पुरावा भक्कम आहे. १९६४ चा लेसर हा त्याचाच भाग. स्फटिक वाढवणे, द्रवरूप नायट्रोजन, निर्वात पंप, काचकाम, इलेक्ट्रॉनिक्स हे सारे एका आवारात हाताशी असल्याशिवाय चार वर्षांत लेसर होत नाही. १९६७ मध्ये दिलीप भवाळकर इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातून ट्रॉम्बेला आले आणि लेसरचे काम तिथे रुजले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले, ज्याला आज राजा रामण्णांचे नाव आहे. कुठल्याही एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला इतका पल्ला झेपला असता, असे म्हणणे कठीण आहे.

मग साहा चुकले होते का? त्यासाठी कुलाब्याच्या एका प्रयोगाकडे पाहावे. जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १०० फेम्टोसेकंदांचा लेसर-स्पंद त्यांनी घन पदार्थावर नेमका केंद्रित केला. एवढ्या अवधीत प्रकाश जेमतेम ०.०३ मिलिमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नाही. पृष्ठभागाचा क्षणात प्लाझ्मा होतो, त्यातून इलेक्ट्रॉनांचे लोंढे आत घुसतात आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते २ कोटी ७० लाख गाउस भरले आणि सुमारे ६ पिकोसेकंद टिकले. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आसपास असते, एवढे सांगितले की पुरे. इतक्या क्षणिक गोष्टीला कुठलीही सुई लावता येत नाही. म्हणून मागून दुसरा, दुबळा स्पंद सोडतात आणि त्याच्या ध्रुवणात किती फरक पडला यावरून क्षेत्र मोजतात. दुसरा स्पंद थोडा थोडा उशिरा सोडत गेले की क्षेत्राच्या वाढीचा आणि ओसरण्याचा आलेख मिळतो.

या कामाचे स्वरूप लक्षात घ्या. आरसे आणि भिंगे रांगेत लावण्यात दिवस जातात. मुंबईच्या दमट हवेपासून, धुळीपासून आणि तापमानाच्या चढउतारापासून ती जपावी लागतात. लेसरचा मारा झाला की लक्ष्याची ती जागा जळून जाते, त्यामुळे प्रत्येक मोजणीसाठी लक्ष्य पुढे सरकवावे लागते. हे काम करणारे हात बहुतेक वेळा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे असतात. असे तीव्र स्पंद ज्या युक्तीने शक्य झाले, ती म्हणजे स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा दाबायचा. ती १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी शोधली. २०१८ चे नोबेल त्या दोघांना मिळाले ते याच कामासाठी. साहांचे म्हणणे इथे खरे ठरते: यंत्र संस्था उभारते, पण ते चालवणारी आणि त्याला नवे प्रश्न विचारणारी माणसे वर्गातून येतात.

मुंबईने ही फट बुजवण्याचा प्रयत्न उशिरा आणि उलट्या दिशेने केला. टाटा संस्थेचे विद्यार्थी पूर्वी पीएच.डी. मुंबई विद्यापीठाची घेत. २००२ मध्ये संस्था स्वतःच अभिमत विद्यापीठ झाली. संशोधन विद्यापीठात गेले नाही, विद्यापीठाचा दर्जाच संस्थेत आला, आणि जो एक धागा उरला होता तोही सुटला. त्याच्या विरुद्ध जाणारे पाऊल २००७ मध्ये पडले: मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून कलिन्याच्या विद्यानगरीत मूलभूत विज्ञानांचे केंद्र काढले. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम, आणि शिकवायला विद्यापीठाबरोबरच संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञही, अशी त्याची कल्पना.

हे पाऊल योग्य आहे, पण पुरेसे नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या महाविद्यालयांतून दरवर्षी भौतिकशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात. पदवीच्या प्रयोगशाळेत त्यांची लेसरशी ओळख होते ती हेलियम-निऑनच्या नळीपुरती, जाळीवरून तरंगलांबी काढण्यापुरती. घाटकोपरहून ट्रॉम्बे काही किलोमीटरवर आहे. सुरक्षेच्या कुंपणाआड ते असणे समजण्याजोगे आहे. कुलाब्याला तेवढीही अडचण नाही. एका निवडक केंद्रातल्या मोजक्या मुलांना जे मिळते, त्याचा एक अंश, म्हणजे एका सत्राचा प्रकल्प किंवा एका उन्हाळ्याचे काम, उपनगरातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा नेमून दिलेला भाग का असू नये? आज ते ज्याच्या त्याच्या धडपडीवर सोडलेले आहे.

साठ वर्षांपूर्वी ट्रॉम्बे आणि कुलाबा यांच्यात प्रकाशाने संदेश गेला, तेव्हा तो सगळ्या शहराच्या डोक्यावरून गेला. दोन संस्था जोडणे आपल्याला तेव्हाच जमले होते. मधल्या शहराला त्यांच्याशी जोडणे अजून बाकी आहे.