लवणासुराचे रक्त

आम्हा वाशीमकडच्या माणसांना समुद्र परका. खाजण, कांदळवन हे शब्द आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच भेटलेले. पण खारे पाणी मात्र शेजारीच आहे. रिसोडवरून पश्चिमेला निघून बुलढाण्याची हद्द ओलांडली की आलेच लोणार. लहानपणी आजीचे बोट धरून मी ते विवर उतरलो, तेव्हा तिने बजावले होते, "तोंडात घेऊ नको रे, लवणासुराचे रक्त आहे ते."

या रक्ताचा व्यवहार फार जुना. 'ऐने अकबरी'त अबुल फजलने वऱ्हाडच्या वर्णनात लोणारची दखल घेतली, ती काच व साबण यांना लागणारा क्षार तेथे मिळतो म्हणून! १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिले. पुढे दीर्घकाळ पंडितांनी ते ज्वालामुखीच्या खाती घातले. बेसॉल्टमधले हे विवर आघाताने झाल्याचे सबळ पुरावे १९७३ साली छापून आले.

पाण्याचा सामू दहाच्या आसपास. त्यात कोण राहणार? जंतू बशीत वाढवून मोजण्याची जुनी रीत येथे अपुरी पडते, कारण बहुतेक जंतू बशीत रुजतच नाहीत. १९७७ साली कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून आर्किया हे वेगळेच घराणे उजेडात आणले. त्याच मार्गाने पुण्याच्या संशोधकांनी लोणारच्या नमुन्यांतला डीएनए थेट वाचला. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१० साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी येथल्या एका जंतूसाठी 'इंडिबॅक्टर' हा नवा वंशच मांडला.

जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले. पाणी आटले होते, क्षार वाढले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले: लाल रंगद्रव्य बाळगणारे, मिठावर जगणारे हॅलोआर्किया. नमुना स्थिर ठेवला की रंग तळाशी बसे आणि वर निवळ पाणी राही. आजी असती तर म्हणाली असती, "मी काय सांगत होते?" आणि मला तिला पुरते खोटे ठरवता आले नसते.

काळजी वेगळीच आहे. या जिवांना खारटपणाच हवा. वरून गोडे पाणी आणि गावचे सांडपाणी उतरत राहिले, तर त्यांचे घर पातळ होते. गेल्या खेपेस मी धारेपाशी बसलो होतो. यात्रेकरू नाहत होते. ते पाणी पायऱ्यांवरून खाली, तळ्याकडेच जात होते.